फोटोखाली नाव कशाला हवं?

तुम्ही माणसांचे चेहरे छान टिपता असं घरचे म्हणतात, मोबाइलवरचे अंगठेही म्हणतात. मग लग्नं-मुंजींचे फोटो काढून आयुष्य वाया घालवू नका. तिथे दहादा मागितल्यावर का होईना, पैसे मिळतात आणि अल्बमच्या मागच्या पानावर तुमचा शिक्काही असतो. तुम्ही पॉप आर्टच्या, म्हणजे जाहिराती आणि नटनट्यांच्या फोटोंवरून चित्रं करणाऱ्यांच्या गोतावळ्यात शिरा. साठच्या दशकातलं न्यूयॉर्क, या चित्रकारांतला सगळ्यात गाजलेला अँडी वॉरहॉल, रात्रभर चालणाऱ्या पार्ट्या. ते दशक कधीच संपलं ही किरकोळ अडचण आहे. धंद्याची रीत अजून तीच आहे.

आदर्श ठेवायचा तर जीन कॉर्नमन यांचा ठेवा. १९५३ च्या ‘नायगारा’ सिनेमाच्या जाहिरातीसाठी काढलेला मेरिलिन मन्रोचा एक फोटो त्यांच्या नावावर सांगितला जातो. ऑगस्ट १९६२ मध्ये मेरिलिन गेली. वॉरहॉलने तो फोटो पैदा केला, मानेखाली कापला, मोठा करून जाळीच्या पडद्यावर उतरवला आणि वरून रबरी पट्टीने शाई ओढली. आपल्याकडे गल्लीबोळातल्या छापखान्यांतून लग्नपत्रिका निघत, तेच हे स्क्रीन प्रिंटिंग. केस पिवळे, पापण्या निळ्या. त्याच फोटोवरून १९६४ मध्ये केलेलं एक चित्र मे २०२२ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे १९.५ कोटी डॉलरला गेलं. फोटोग्राफरचं आडनाव मात्र कुणी कॉर्नमन लिहितं, कुणी कॉर्मन. एवढ्या मोलाच्या चित्रामागच्या माणसाचं स्पेलिंग नक्की करायला कुणाला सवड झालेली नाही. इतकं निरिच्छ होता येत असेल तरच पुढचं वाचा.

‘मी कुणाच्या हाताखालचा नाही, मी त्या वर्तुळातलाच एक होणार,’ असं म्हणत असाल तर बिली नेमकडे बघा. या गृहस्थाने पूर्व ४७ व्या रस्त्यावरचा वॉरहॉलचा अख्खा स्टुडिओ, म्हणजे ती सुप्रसिद्ध ‘फॅक्टरी’, चंदेरी कागद आणि चंदेरी रंगाने मढवून काढली. खूश होऊन वॉरहॉलने त्याच्या हातात कॅमेरा दिला. बिलीने संडासाची डार्करूम केली आणि तिथेच मुक्काम ठोकला. फॅक्टरीचे जे काळे-पांढरे फोटो आज आपण ‘काय तो काळ!’ म्हणत बघतो, त्यातले कितीतरी या डार्करूममधून निघाले. पुढे फॅक्टरी युनियन स्क्वेअरला गेली तेव्हा तो तिथल्या डार्करूममध्ये असा काही शिरला, की दिवसाउजेडी कुणाच्या दृष्टीस पडेना. १९७० मध्ये एक दिवस खोली रिकामी. मागे चिठ्ठी: मी आता इथे नाही, पण मी ठीक आहे. राजीनामा म्हणून हा मसुदा मला फार आवडतो. पगाराची थकबाकी, नोटीस पीरियड, कशाचीच भानगड नाही.

स्टीफन शोअरचं उदाहरण कुणी दिलं तर कानांवर हात ठेवा. तो सतराव्या वर्षी फॅक्टरीत फोटो काढायला लागला, दोनेक वर्षं सगळं बघून घेतलं आणि बाहेर पडला. १९७१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्याचं एकट्याचं प्रदर्शन. वेळेवर निघून जाणाऱ्यांमुळे तरुणांपुढे चुकीचे पायंडे पडतात.

तुमच्याशिवायही काम भागतं, हे मात्र मनाशी पक्कं ठेवा. १९६३ मध्ये टॅक्सीमालक रॉबर्ट स्कल यांनी बायकोचं, एथेलचं, पोर्ट्रेट करायला सांगितलं. बाई नटूनथटून आल्या, त्यांना वाटलं एखाद्या बड्या फोटोग्राफरच्या स्टुडिओत जायचंय. वॉरहॉलने त्यांना टाइम्स स्क्वेअरजवळच्या नाणं टाकायच्या फोटोयंत्रात बसवलं आणि नाण्यांवर नाणी सारली. त्या पट्ट्यांवरून ३६ चौकटींचं चित्र झालं. ते आज व्हिटनी आणि मेट्रोपॉलिटन या दोन संग्रहालयांच्या सामाईक मालकीचं आहे. यंत्राने फोटोखाली नाव मागितलं नाही. शिका काही!

फोटोग्राफर पॅट्रिशिया कॉलफिल्ड मात्र काही शिकल्या नाहीत. त्यांनी काढलेला जास्वंदीचा फोटो एका मासिकात आला होता. वॉरहॉलने १९६४ मध्ये त्यावरून फुलांची चित्रं केली, तर बाई १९६६ मध्ये कोर्टात! प्रकरण आपसात मिटलं. पुढे सत्तरच्या दशकात वॉरहॉल स्वतःच झटपट फोटो काढणारा पोलरॉइड कॅमेरा घेऊन बसला. श्रीमंत गिऱ्हाईक आलं की तोंडाला पांढरा रंग फासायचा, समोरून फ्लॅश मारायचा, की सुरकुत्या गायब. एका चौकटीचे २५,००० डॉलर. आधार कार्डावरचा आपला फोटोही साधारण याच तंत्राने निघतो, फक्त तिथे सुरकुत्या वाढतात.

आता जिच्या वाटेला अजिबात जायचं नाही तिची गोष्ट सांगतो. लिन गोल्डस्मिथ. १९८१ मध्ये तिने प्रिन्स नावाच्या तरुण गायकाचे आपल्या स्टुडिओत फोटो काढले. पापण्यांना रंग, ओठांना चकाकी, गालांची हाडं उठून दिसतील असा प्रकाश, सगळं तिने जमवलं. पोरगा बुजरा, थोड्या वेळात निघूनही गेला. १९८४ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ या मासिकाने त्यातला एक फोटो ‘चित्रकाराच्या संदर्भासाठी’ ४०० डॉलरला घेतला. वापर एकदाच, असं कागदावर लिहिलेलं. चित्रकार कोण, ते तिला सांगितलं नव्हतं. तो अर्थातच वॉरहॉल. मासिकाला एक चित्र हवं होतं, त्याने एकाच फोटोवरून एकूण १६ करून ठेवली. पोह्यांना बोलावलं आणि पाहुणा पंगतीला बसून डबाही भरून गेला!

२०१६ मध्ये प्रिन्स गेला. त्याच मासिकाच्या प्रकाशकांनी विशेषांकाच्या मुखपृष्ठावर त्या सोळांतला नारिंगी प्रिन्स छापला आणि वॉरहॉलच्या पश्चात त्याच्या चित्रांचे हक्क सांभाळणाऱ्या वॉरहॉल फाउंडेशनला १०,००० डॉलर दिले. गोल्डस्मिथला शून्य डॉलर. नावही नाही. तुम्ही असता तर ‘चला, आपला फोटो मुखपृष्ठावर आला’ म्हणून स्टेटसला लावला असता. या बाईने विचारलं, हे कसं काय? उत्तरादाखल २०१७ मध्ये फाउंडेशननेच तिच्यावर दावा ठोकला.

२०१९ मध्ये ती हरली, २०२१ मध्ये अपिलात जिंकली आणि मामला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. सुनावणीत न्यायमूर्ती थॉमस म्हणाले, ऐंशीच्या दशकात मी प्रिन्सचा चाहता होतो. न्यायमूर्ती केगन यांनी विचारलं, आता नाही? त्यावर ते म्हणाले, फक्त गुरुवारी रात्री. फाउंडेशनचं म्हणणं असं, की फोटोत नुसता एक हळवा मुलगा होता, वॉरहॉलने त्याची मूर्ती केली, सबब अर्थच बदलला, मग परवानगी कशाला? गोल्डस्मिथच्या बाजूचं म्हणणं रुक्ष: मासिकाला प्रिन्सचं चित्र हवं होतं, माझा फोटोही त्यासाठीच विकला जातो. मे २०२३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी रुक्षपणा जिंकला. विरोधी मत केगन यांचं. या निकालाने आपलं जग आणखी दरिद्री होईल, असं त्यांनी लिहिलं. १९८४ साली ४०० डॉलर घेणाऱ्या बाईने जगाला दरिद्री केलं, बघा.

इतकं वाचूनही तुम्हाला फोटोखाली नाव हवंच असेल, तर त्याची सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालपत्रात प्रिन्सचा मूळ काळा-पांढरा फोटो छापलाय आणि खाली स्वच्छ लिहिलंय: १९८१, लिन गोल्डस्मिथ. त्या पानावर यायला २०१६ पासून सात वर्षं लागतात. वकील आपापले आणायचे. छापलेल्या फोटोचं मानधन देण्याची पद्धत नाही.