मला ती तपासणी करायची नाही

मावसभावाने गेल्या महिन्यात एक डबी पाठवली. आत प्लास्टिकची नळी. तीत थुंकी भरून परत पाठवली की काही आठवड्यांनी तुमच्या जनुकांचा अहवाल फोनवर येतो. त्याने मायेनेच पाठवली. "मावशीला झालं ते तुला होणार का, याचा आधीच अंदाज येईल," म्हणाला.

आईला अल्झायमर होता. सात वर्षं. आधी चहात दोनदा साखर पडायला लागली, मग गॅस तसाच चालू राहायला लागला. शेवटी शेवटी ती मला तिची थोरली बहीण समजायची. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच पलंगावर बसून म्हणायची, "अक्का, मला घरी ने गं." हे वाक्य मी रोज ऐकलंय. त्यामुळे या आजाराची मला भीती वाटत नाही असं कुणी समजू नये.

तरीही ती नळी कपाटात पडून आहे आणि मी ती भरणार नाही.

ही तपासणी सांगते काय, तर एपीओई नावाच्या जनुकाचा ई४ हा प्रकार तुमच्यात आहे का. असला तर धोका वाढतो, आई-वडील दोघांकडून आला असेल तर बराच वाढतो. पण ई४ असून म्हातारपणी ठणठणीत राहिलेली माणसं आहेत आणि नसताना आजारी पडलेलीही आहेत. म्हणजे कळून कळणार ते इतकंच, आणि आजार मुळापासून थांबवणारं औषध आज नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) धोका वाढवणारे, पण टाळता किंवा कमी करता येण्यासारखे १४ घटक दिलेत: रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, ऐकू कमी येणं, एकटेपणा वगैरे. त्यांच्याकडे लक्ष द्यायला ई४ कशाला माहीत हवा? मी रोज चालते, बीपीची गोळी चुकवत नाही.

डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक जेम्स वॉटसन. २००७ मध्ये त्यांचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्यांच्या सगळ्या डीएनएचा आराखडा, त्यांच्या हाती देण्यात आला, तेव्हा एवढी एकच माहिती त्यांनी नको म्हणून सांगितली, एपीओईची. त्यांच्या आजीला अल्झायमर होता. जनुकांबद्दल एवढं जाणणाऱ्या माणसाला हे दार बंद ठेवावंसं वाटलं, यातून मला फार धीर आला. १९९७ च्या युनेस्कोच्या जाहीरनाम्यातही आपल्या जनुकीय तपासणीचा निकाल जाणून घ्यायचा की नाही, हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला दिलाय.

ज्याचा त्याला, हे महत्त्वाचं. आपल्या घरांत भलतंच चालतं. माझ्या आत्याला कॅन्सर होता आणि तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं. "तिला सांगू नका हं, खचेल." भेटायला येणारा प्रत्येक जण मोसंबी आणायचा आणि तिच्याशी मोठ्याने, हसून बोलायचा. एकदा तिने मला विचारलं, "सगळे एवढं गोड का वागतायत गं?" मी खोटं बोलले. त्याची बोच आजही आहे. तिला कुणाशी काय बोलायचं होतं, काय आवरायचं होतं, ते आम्ही हिरावून घेतलं. न कळणं तिने मागितलं नव्हतं, आम्ही तिच्यावर लादलं.

आणि जिथे इलाज आहे तिथेही माझं हे म्हणणं लागू नाही. छातीत गाठ लागली, शुगरची शंका आली, तर आजच्या आज तपासा. तिथे न कळणं जिवावर बेतू शकतं.

मला नको आहे ते वेगळं. चष्मा कुठे ठेवला हे विसरले की "झालं, सुरुवात झाली" असं मनात येणं नको आहे. पन्नाशीनंतरची जी काही वर्षं शहाणपणाची मिळतील, ती आईच्या शेवटच्या सात वर्षांच्या सावलीत काढायची नाहीत.

एक पेच मात्र सुटत नाही. लेक वीस वर्षांची आहे. तिला ही तपासणी करावीशी वाटली तर तो तिचा हक्क. पण तिच्यात ई४ निघाला तर तो कदाचित माझ्याकडूनच गेलेला असेल. परवा मी तिला म्हटलं, "केलीस तर मला सांगू नकोस." ती म्हणाली, "नाही सांगणार. पण आई, तुला माझा चेहरा वाचता येतो."

येतो. त्यावर काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.