पाय दुखत असताना पळत राहिल्याने हाड पक्कं होत नाही

खेळणाऱ्या मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वाढत्या वयात पाय दुखायचेच. दुखत असताना सराव चालू ठेवला तर हाडं मजबूत होतात, थांबवला तर पोर नाजूक होतं. एक्स-रे नॉर्मल आला की शंका मिटली. तरीही दुखलंच तर चांगले शूज आणि रोज दूध, बस. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण या सल्ल्यापायी सहा-आठ आठवड्यांत बरं होणारं दुखणं अख्ख्या मोसमाचं होऊन बसतं, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

वाढीचं दुखणं असतं, ते खोटं नाही. साधारण ३ ते १२ वर्षांच्या मुलांत ते दिसतं. संध्याकाळी किंवा रात्री येतं, बहुधा दोन्ही पायांत. चोळून दिलं की मूल झोपतं आणि सकाळी उठून हुंदडायला लागतं. ते लंगडत नाही. नेमकं कुठे दुखतंय म्हणून विचारलं तर सगळ्या पोटरीवरून हात फिरवतं. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ताणाने हाडाला गेलेला बारीक तडा, असेल तर मूल बहुतेक वेळा एका बोटाने जागा दाखवतं, आणि ते दुखणं पळताना वाढत जातं.

हा फरक घरीही थोडाफार कळतो. मुलाला पाय सैल सोडून बसवा आणि नडगीच्या आतल्या कडेवरून घोट्यापासून वर अंगठा हलकेच दाबत न्या. बरीच लांब पट्टी हुळहुळी लागली तर ते बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे नडगीच्या कडेला ताणाने आलेलं पण तडा नसलेलं दुखणं असतं. पण अंगठा एका ठिकाणी येताच पाय झटकन मागे गेला आणि त्याच्या वर-खाली काहीच दुखत नसेल, तर सराव त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. ‘एका पायावर उडी मारून दाखव बरं’ हा प्रयोग मात्र घरी करू नका. तडा असेल तर तो त्याने वाढेल.

वाढीशी खरोखर जोडलेली दुखणीही आहेत. टाचेच्या मागच्या बाजूला होणाऱ्या दुखण्याला सेव्हर्स म्हणतात आणि गुडघ्याखालच्या उंचवट्यावरच्या दुखण्याला ऑसगुड-श्लाटर. पण तीही उड्या आणि धावण्याच्या ओढीने चिघळतात आणि भार कमी केला की शमतात. तेव्हा ‘वाढीचं आहे’ हे कारण खरं असलं तरी दुर्लक्ष करायला ते पुरेसं नाही.

आता सगळ्यांत घातक दावा: दुखत असताना पळाल्याने हाड पक्कं होतं. यात अर्धं सत्य आहे, आणि म्हणूनच तो इतक्या सहज पटतो. भार पडला की हाड बळकट होतं हे खरंच आहे. पण ते कसं होतं ते पाहा. सततच्या आघातांनी हाडात सूक्ष्म भेगा पडतात. त्या दुरुस्त करताना शरीर आधी तिथलं खराब हाड खरवडून काढतं. याला काही आठवडे लागतात. मग नवं हाड भरलं जातं आणि ते पुरेसं कठीण व्हायला तीनेक महिने जातात. मधल्या काळात ती जागा आधीपेक्षा कमजोर असते. सराव एकदम वाढवला की दुखणं पहिल्या दिवशी न येता काही आठवड्यांनी का येतं, ते यावरून कळतं. दुखणं सुरू झालं म्हणजे भेगा पडण्याचा वेग दुरुस्तीच्या पुढे गेलाय. त्यावर आणखी पळवलं तर हाड घडत नाही, झिजतं.

त्यात वयाचाही भाग आहे. उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती मुलींत १२ च्या आसपास आणि मुलांत १४ च्या आसपास. हाडांत खनिजं भरण्याचं काम मात्र त्यामागून काही महिन्यांनी होतं. म्हणजे हाड लांब झालंय पण अजून भरलेलं नाही, नेमक्या त्याच काळात मूल वरच्या गटात जातं आणि सराव दुप्पट होतो.

शिवाय हाडाच्या पेशी एकसारख्या भाराला लवकर सरावतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय की काही डझन आघातांनंतर त्या फारसा प्रतिसाद देत नाहीत आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा देऊ लागतात. याउलट, भरतीआधी दोन-एक वर्षं बास्केटबॉलसारखे खेळ खेळलेल्या इस्रायली सैनिकांना स्ट्रेस फ्रॅक्चर कमी झाले. थांबणं, वळणं, उडी मारणं असा वेगवेगळ्या दिशांचा भार आणि मध्ये विश्रांती हाडाला मानवते. एकाच वेगाने मैदानाच्या फेऱ्या मारून ते साधत नाही.

‘एक्स-रे नॉर्मल’ या दाव्याला तर इतिहासच उत्तर देतो. लांब कूच करून पाय सुजलेल्या प्रशियन सैनिकांचं वर्णन ब्राइटहाउप्ट या लष्करी डॉक्टरने १८५५ मध्ये केलं. पावलाचं हाड मोडलंय हे कळायला १८९७ उजाडलं, कारण एक्स-रेचा शोधच १८९५ चा. (त्या सैनिकांना नाजूक कोण म्हणेल?) पण एक्स-रेलाही सुरुवातीचा तडा बहुतेक वेळा दिसत नाही. भरून येणारं हाड फोटोत उमटायला दोन-तीन आठवडे तरी लागतात, कधी ते उमटतच नाही. हाडातली सूज एमआरआयमध्ये खूप आधी दिसते.

प्रत्येक दुखऱ्या नडगीचा एमआरआय करा असं मी म्हणत नाही. पण काही जागांच्या दुखण्यात वाट बघत थांबून चालत नाही: जांघेत दुखणं, म्हणजे मांडीच्या हाडाची मान, नडगीची पुढची बाजू, करंगळीच्या रेषेतल्या लांब हाडाचा मागचा भाग, आणि पावलाच्या कमानीच्या माथ्यावरचं नॅव्हिक्युलर नावाचं छोटं हाड. या जागा उशिरा भरतात, काही वेळा ऑपरेशन लागतं. डाव्या पावलाच्या अशाच फ्रॅक्चरसाठी २००८ मध्ये चिनी बास्केटबॉलपटू याओ मिंगवर शस्त्रक्रिया झाली. पावलाची आणि घोट्याची दुखणी त्यानंतरही सुटली नाहीत आणि २०११ मध्ये त्याने बास्केटबॉल सोडलं.

शूजबद्दल फार बोलण्यासारखं नाही. झिजलेले बदला, मापाचे घ्या. वाढलेल्या सरावाची भरपाई कुठलाही शू करत नाही.

दुधाचा मुद्दा मात्र सरसकट उडवून लावण्यासारखा नाही. अमेरिकी नौदलाच्या महिला रिक्रूटांना कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी दिल्यावर स्ट्रेस फ्रॅक्चर सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले, असं २००८ च्या अभ्यासात आढळलं. पण खरी उणीव पुष्कळदा एकूण खाण्याची असते. जितकं खर्च होतं तितकं पोटात जात नाही, मग शरीर हाडांच्या आणि पाळीच्या खर्चात काटकसर करतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून हा धोका स्पष्टपणे मांडलाय, आणि तो मुलग्यांनाही आहे. मुलीची पाळी तीन महिने आली नाही, किंवा १५ वर्षांपर्यंत सुरूच झाली नाही, तर ‘खेळाडू मुलींचं असंच असतं’ म्हणून कृपा करून सोडून देऊ नका. वजन कमी कर म्हणणाऱ्या प्रशिक्षकाला हे तोंडावर सांगायची वेळ आली तर सांगा.

राहिला विश्रांतीने नाजूक होण्याचा दावा. विश्रांती म्हणजे अंथरूण नव्हे. पोहणं चालतं, दुखत नसेल तर सायकल चालते. आधी न दुखता चालता आलं पाहिजे, मग थोडं चालणं थोडं पळणं, तेही एक दिवसाआड. वेदनाशामक गोळी घेऊन सरावाला पाठवणं तर पूर्ण बंद करा. गोळीने तडा भरत नाही, फक्त थांबायला सांगणारी वेदना दबते.

अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षातून दोन-तीन महिने त्या खेळापासून लांब राहायला सांगतात. वयाच्या वर्षांपेक्षा आठवड्याचे सरावाचे तास जास्त असलेल्या मुलांत अतिवापराच्या गंभीर दुखापती जास्त आढळल्या आहेत. म्हणजे १२ वर्षांच्या मुलाला आठवड्याला १२ तास, त्यापुढे नाही. अडचण अशी की शाळेचा संघ, क्लब आणि खासगी कोचिंग या तिन्हीकडचे प्रशिक्षक फक्त आपापले तास मोजतात. एकूण बेरीज पालकांशिवाय कोणी करत नाही. ती या आठवड्यात करा आणि तिघांनाही दाखवा.