गुलाबाची काडी बटाट्यात खोचू नका

व्हॉट्सॲपवर परत तोच मेसेज फिरतोय, आमच्या गल्लीच्या ग्रुपवरच तिघांनी टाकला. "गुलाबाची काडी बटाट्यात खोचून बटाट्यासकट पुरा, 15 दिवसात मुळं. विकत आणलेलं रोप वीतभर खोल लावा, खड्ड्यात अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, ताजं शेण घाला, सकाळ-संध्याकाळ पाणी द्या." मी सांगलीत 12 वर्षं अंगणात गुलाब लावतेय आणि हे वाचून गप्प बसवत नाही, कारण असं करून रोप गेलं की बायका म्हणतात माझ्या हाताला गुलाब लागतच नाही. हाताचा काही दोष नाही हो त्यात.

आधी बटाटा. मी स्वतः करून बघितलंय, चार काड्या, चार बटाटे. तीन आठवड्यांनी उकरलं तर बटाट्याचा नुसता लगदा, घाण वास, आणि काडीची खालची साल बोटाने ओढली तशी सोलून हातात आली, आत सगळं काळं. एका कुंडीत हिरवा कोंब दिसला म्हणून किती आनंद झाला होता, तर तो बटाट्याचा निघाला! काडीला मुळं फुटतात ती तिच्यात आधीच साठलेल्या अन्नावर, बटाट्यातलं काही तिच्यात चढत नाही. तिला बाहेरून ओल पाहिजे आणि हवाही पाहिजे, आणि बटाट्याच्या भोकात हवा कुठली, उलट तो कुजला की बुरशी सरळ काडीवर. त्यापेक्षा फूल येऊन गेलेल्या फांदीची पेन्सिलीएवढी जाड, सहा ते आठ इंचाची काडी घ्या, खालचा काप डोळ्याच्या (जिथून पान-कोंब फुटतो त्या जागेच्या) लगेच खाली मारा, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा, टोक आयबीएच्या, म्हणजे मुळं फुटायला मदत करणाऱ्या संजीवकाच्या, पावडरीत बुडवा (कृषी सेवा केंद्रात मिळते, द्राक्षवाल्यांना माहीत असते) आणि वाळू-कोकोपीटमध्ये सावलीला लावा. महिना-दीड महिना लागतो, मधे उपटून बघायचं नाही.

वीतभर खोल लावा हे वाचून तर मला रडूच येतं. नर्सरीतला गुलाब बहुतेक वेळा डोळा भरलेला असतो, म्हणजे खाली रानगुलाबाचा खुंट आणि वर आपली जात, मधे गाठीसारखा जोड. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते त्या देशात जोड वाचवायला तो मातीखाली घेतात, ते तिथलं बरोबर आहे. आपल्या मिरजेत काय बर्फ पडतो? इथे जोड मातीच्या वर दोन-तीन बोटं राहिला पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच कूज सुरू होते आणि खालून खुंटाचे फुटवे कधी आले कळतही नाही. मग दोन वर्षांनी लोक म्हणतात लाल गुलाब आणला होता, आता बारीक पांढरी फुलं येतात. फुटवा खुंटाचा की आपल्या जातीचा हे ओळखायला पानं मोजत बसू नका, तो जोडाच्या खालून आलाय एवढं दिसलं की बुडातून काढून टाका.

अंड्याची टरफलं. आपली काळी माती मुळातच चुनखडीची, खणताना पांढरे खडे लागतात बघा, त्यात बोअरचं पाणी जड. टरफल म्हणजे पण चुनाच, म्हणजे चुन्यात चुना. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसतं ना, ते बहुतेक लोह कमी पडल्याचं लक्षण, लोह मातीत असतं पण चुन्यामुळे झाडाला मिळत नाही. नुसती हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकली तर तीपण तशीच अडकते, म्हणून चिलेटेड फेरस, म्हणजे चुन्यात अडकू नये असं बांधलेलं लोह, पानांवर फवारलेलं बरं.

चहाचा चोथा साखर-दुधाचा असेल तर मुंग्या येणारच, धुऊन वाळवून कंपोस्टमध्ये टाका. आणि ताजं शेण तर अजिबात नको, कुजताना तापतं आणि मुळं खाणारी हुमणी अळी येते, उसाच्या पट्ट्यात राहून हुमणी काय असते हे मी कुणाला सांगायला नको. जुनं, मातीसारखा वास येणारं शेणखत घ्या.

पण सगळ्यात जास्त गुलाब मरतात ते पाण्याने. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, माती ओली पण चिखल नाही, मुठीत दाबली की गोळा होतो आणि टिचकी मारली की फुटतो, तेच गुलाबाला पाहिजे. काळी माती भिजली की फुगते, हवेच्या जागा बंद होतात, वरून दोन वेळा पाणी म्हणजे मुळं गुदमरली. आणि मुळं कुजली की झाड पाणी नसल्यासारखंच मान टाकतं, मग माणूस अजून पाणी घालतो! बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर पाणी नाही. दीड फुटाचा खड्डा घ्या, काळी माती थोडीच, जास्त पोयटा (गाळाची भुसभुशीत माती), जाड वाळू, शेणखत, आणि बांधासारखा उंचवटा करून त्यावर रोप.

शेजारच्या काकूंनी मेसेज बघून जूनमध्ये लावलेला गुलाब असाच मान टाकून उभा होता. आम्ही दोघींनी तो उपसला, तपकिरी मऊ मुळं कापली, पांढरी ठेवली, फांद्या निम्म्या केल्या आणि उंचवट्यावर परत लावला. जोड वर ठेवून. काल काकू हाका मारत आल्या, दोन लालसर कोंब आलेत, दोन्ही जोडाच्या वरून.