मॅक्लारेन एफ-वन जीटीआर : ‘पावसाने जिंकून दिलेली गाडी’ या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मॅक्लारेन एफ-वन जीटीआर या गाडीवरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की १९९५ ची ले मान्स ही फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत या गाडीने पावसाच्या कृपेने जिंकली, तिच्यासमोर तोलामोलाचे प्रतिस्पर्धी नव्हते, ‘थेट शोरूममधून ले मान्सला’ हे माझे वाक्य जाहिरातीत शोभणारे आहे, आणि पोर्शे व मर्सिडीज मैदानात उतरताच या गाडीचे पितळ उघडे पडले. शिवाय रस्त्यावरच्या मूळ एफ-वन गाडीपेक्षा कमी शक्तीच्या गाडीला शर्यतीची गाडी कसे म्हणायचे, असाही आपला प्रश्न आहे.

शोरूमच्या वाक्याबाबत आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे आणि ती चूक माझी आहे. १९८८ च्या इटालियन ग्रां प्रीनंतर मिलानच्या लिनाते विमानतळावर उशिरा सुटणाऱ्या विमानाची वाट पाहत असताना ज्या गाडीची कल्पना निघाली, ती आराखडाकार गॉर्डन मरे यांनी निव्वळ रस्त्यासाठी आखली होती. शर्यतीचा विचार त्या आराखड्यात नव्हता. १९९२ मध्ये मोनाकोत ही गाडी लोकांसमोर आली, तेव्हा मधोमध बसणारा चालक, कार्बन फायबरचा सांगाडा, बीएमडब्ल्यूचे ६.१ लिटरचे बारा सिलिंडरचे ६२७ अश्वशक्तीचे इंजिन आणि जेमतेम ११४० किलो वजन यांचीच चर्चा झाली. पुढे रे बेलम आणि थॉमस ब्शर या दोन शर्यतचालकांनी, तेव्हा नव्याने सुरू झालेल्या बीपीआर या जीटी (रस्त्यावरच्या गाड्यांवर बेतलेल्या) गाड्यांच्या शर्यतमालिकेत ही गाडी उतरवावी म्हणून पाठपुरावा केला आणि बऱ्याच आढेवेढ्यांनंतर कंपनी तयार झाली. १९९५ च्या हंगामासाठी नऊ जीटीआर बांधल्या गेल्या. त्यांत संरक्षक पिंजरा होता, कार्बनचे ब्रेक होते, मागे मोठा पंख होता आणि आतली सगळी ऐषारामाची सजावट काढून टाकलेली होती. इतकेच नव्हे, तर ले मान्स जिंकणारी ५९ क्रमांकाची गाडी ही कंपनीची स्वतःची चाचणी गाडी होती. ‘०१आर’ हा तिचा सांगाड्याचा क्रमांक. ती कोकुसाई काइहात्सु या जपानी पुरस्कर्त्याच्या नावाने धावली आणि प्रत्यक्ष शर्यतीत लँझांटे यांच्या संघाने ती सांभाळली. म्हणजे ‘शोरूम’ हा शब्द तर चुकलाच, पण ‘खासगी संघ’ हा मी अभिमानाने वापरलेला शब्दही अर्धाच खरा ठरतो. हे आपल्याही नजरेतून सुटले होते, म्हणून मीच सांगून टाकतो.

तरीही एक गोष्ट उरते. सांगाडा, इंजिनाचे मूळ अंग, मधली बैठक आणि गिअरबॉक्सची मांडणी ही सगळी रस्त्यावरच्या गाडीचीच होती. शक्ती कमी होण्याचे कारणही इंजिनाच्या दुबळेपणात नसून नियमांत आहे. जीटी गटातल्या गाड्यांत फार तफावत राहू नये म्हणून संयोजक इंजिनाच्या हवेच्या वाटेवर ठरावीक व्यासाचे भोक असलेली कडी बसवायला लावतात. तिला रिस्ट्रिक्टर म्हणतात. इंजिन कितीही मोठे असले तरी त्या भोकातून जेवढी हवा आत जाईल तेवढेच इंधन जळणार. त्यामुळे जीटीआरची शक्ती सहाशे अश्वशक्तीच्या आसपास आली, मूळ गाडीपेक्षा कमी. पण नाक दाबलेले मोठे इंजिन आपल्या कुवतीच्या बरेच खाली चालते, त्याला धाप लागत नाही, आणि चोवीस तासांच्या शर्यतीत ही गोष्ट सोन्याच्या मोलाची असते. आपण जो दोष म्हणून दाखवला तो माझ्या मते या गाडीचा मोठा आधार होता.

आता पावसाविषयी. त्या वर्षी शर्यतीचा बराच मोठा भाग ओल्या रस्त्यावर झाला. गाडीची दुखरी नस गिअरबॉक्स आणि क्लच ही होती. रस्ता ओला असला की चाके घसरतात, इंजिनाचा पूर्ण जोर गिअरच्या दात्यांवर येत नाही, आणि कोरड्यात कदाचित तुटले असते ते तग धरून राहते. प्रोटोटाइप, म्हणजे निव्वळ शर्यतीसाठी बांधलेल्या वेगवान गाड्यांचा फायदाही पावसात आटला. कुराज संघाच्या अशाच एका गाडीत मारियो आंद्रेत्ती, बॉब वोलेक आणि एरिक एलारी होते. आंद्रेत्तींची गाडी सुरुवातीच्या तासांतच भिंतीला घासून दुरुस्तीत अडकली, आणि एवढे नुकसान होऊनही ती शेवटी एका फेरीच्या आत दुसरी आली. ती वेळ वाया गेली नसती तर निकाल उलटा लागला असता, हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. इथपर्यंत आपण आणि मी एकाच बाजूला आहोत.

पण ‘पावसाने जिंकून दिली’ असे म्हणताना गाडीत बसलेल्या माणसाचाही विचार करावा लागतो. मूळ गाडीला ब्रेक लावताना चाके अडकू न देणारे एबीएस नव्हते, चाकांचे घसरणे आवरणारे ट्रॅक्शन कंट्रोल नव्हते, स्टिअरिंगला यांत्रिक मदत नव्हती. मागच्या दोन चाकांवर सहाशे अश्वशक्ती आणि खाली पाण्याचा थर. अशा गाडीत रात्रीच्या अंधारात, समोरच्या गाडीने उडवलेल्या फवाऱ्यातून, फिनलंडचे जे. जे. लेहतो इतर चालकांपेक्षा दर फेरीला कित्येक सेकंद लवकर फिरून येत होते. तीच गाडी यानिक दालमास आणि मासानोरी सेकिया यांनी सांभाळून चालवली, आणि सेकिया हे ले मान्स जिंकणारे पहिले जपानी चालक ठरले. एकूण २९८ फेऱ्या, म्हणजे चार हजार किलोमीटरहून जास्त अंतर.

त्याच रात्री पुढे असलेल्या ५१ क्रमांकाच्या दुसऱ्या एका मॅक्लारेनचे उदाहरण आपल्या मुद्द्याच्या बाजूनेही जाते आणि विरुद्धही. अँडी वॉलेस आणि डेरेक व जस्टिन बेल हे पितापुत्र ती चालवत होते. बराच काळ आघाडीवर असलेल्या या गाडीचा क्लच अखेरच्या तासांत साथ सोडू लागला, गिअर पडेना, आणि जिंकत आलेली शर्यत हातातून निसटून ती तिसरी आली. गाडीतले वैगुण्य पावसानेही झाकले नाही, असा याचा अर्थ. तरी सुरू झालेल्या सात मॅक्लारेनपैकी पाच शेवटपर्यंत पोहोचल्या, त्याही पहिली, तिसरी, चौथी, पाचवी आणि तेरावी अशा. एका गाडीबाबत नशीब म्हणता येईल. पहिल्या पाचांत चार गाड्या, त्याही वेगवेगळ्या संघांच्या, आल्यावर तो शब्द मला अपुरा वाटतो. त्या पाच गाड्यांची आठवण म्हणून कंपनीने पुढे एफ-वन एलएम नावाच्या पाच गाड्या बांधल्या.

आपल्या शेवटच्या आक्षेपाशी मी अजिबात सहमत नाही. १९९५ ची बीपीआर मालिका ब्शर आणि जॉन नील्सन यांनी जिंकली, १९९६ ची बेलम आणि जेम्स वीव्हर यांनी, आणि त्याच १९९६ साली डेव्हिड ब्रॅबम व नील्सन यांनी जपानमधले जीटी विजेतेपदही याच गाडीत मिळवले. या शर्यती एका पावसाळी शनिवार-रविवारच्या नाहीत. १९९६ मध्ये पोर्शेने ९११ जीटी-वन आणली आणि चित्र पालटले, हे खरे. मात्र ते कशाने पालटले ते पाहायला हवे. त्या गाडीचा पुढचा भाग ९११ चा, तर इंजिन मागच्या आसापुढे आणि मागची बांधणी जुन्या ९६२ या प्रोटोटाइपच्या वळणाची. आधी शर्यतीची गाडी बांधायची आणि नियमाची अट पुरी करण्यासाठी मागाहून रस्त्यावरच्या मोजक्या प्रती काढायच्या, असा हा उलटा क्रम होता. मर्सिडीजची सीएलके जीटीआर त्याच मार्गाने आली. अशा गाड्यांकडून हरणे म्हणजे पितळ उघडे पडणे नव्हे. धोतर नेसून आलेल्या पैलवानाने लंगोट कसलेल्याशी कुस्ती लढावी, तसा तो सामना होता.

१९९७ मध्ये मॅक्लारेननेही तीच वाट धरली. लांब शेपटीची, सुमारे ९१० किलो वजनाची, सहा लिटरच्या किंचित आत आणलेल्या इंजिनाची आणि सिक्वेन्शियल (एकेक गिअर क्रमाने बदलणाऱ्या) गिअरबॉक्सची ही गाडी मान्य व्हावी म्हणून रस्त्यावरची एफ-वन जीटी अवघ्या तीन प्रतींत निघाली, त्यातली एक नमुन्याची. तांत्रिकदृष्ट्या ही सर्वांत सरस जीटीआर, आणि मला सर्वांत कमी आवडणारीही. कारण रस्त्यावरच्या गाडीतून शर्यतीची गाडी निघाली या मूळ गंमतीलाच तिने फाटा दिला. जीटी मालिकेचे विजेतेपद त्या वर्षी मर्सिडीज आणि बर्न्ड श्नायडर यांनी नेले. पण हंगामाची पहिली शर्यत होकेनहाइमला लेहतो आणि स्टीव्ह सोपर यांनी याच गाडीने जिंकली होती, आणि ले मान्सला कारखान्याच्या दोन्ही पोर्शे जीटी-वन आघाडीवर असताना बाद झाल्या, तेव्हा मॅक्लारेन दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर शाबूत होत्या.

त्याहून बोलका निकाल १९९८ चा आहे. त्या वर्षीच्या ले मान्सला नवी पोर्शे जीटी-वन, टोयोटाची जीटी-वन, निसानची आर-३९०, मर्सिडीजची सीएलके आणि बीएमडब्ल्यूची व्ही-१२ एलएम अशी कारखान्यांची फौज होती. मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूच्या सगळ्या गाड्या बाद झाल्या. दोन पोर्शे आणि एक निसान यांच्यामागे चौथी आली ती खासगी संघाची, वर्षभर जुन्या बांधणीची एक मॅक्लारेन. तिच्या तीन चालकांपैकी एक, स्टीव्ह ओ’रूर्क, हे पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाचे व्यवस्थापक होते आणि शर्यत हा त्यांचा छंद होता.

मूळ लेखातील ‘थेट शोरूममधून’ हे शब्द मी आज काढले आहेत, ५९ क्रमांकाची गाडी कंपनीच्या मालकीची होती हे तेथे जोडले आहे, आणि आंद्रेत्तींच्या अपघाताचा उल्लेख, जो मुळात असायलाच हवा होता, निकालाच्या परिच्छेदात घातला आहे.