व्हिडिओ चांगलाय हो, पण तो सापडणार कसा?

परवा सकाळी साडेसहाला पुण्याच्या मैत्रिणीचा फोन. गॅसवर पातेलं, एका हातात लाटणं, फोन स्पीकरवर, आणि रडकुंडीला आलेली. "अगं कुरडईच्या चिकात गुठळ्या झाल्यात, तीन दिवस गहू भिजवलेत मी, आता काय करू?" मी फोन सासूबाईंकडे, म्हणजे आमच्या आईंकडे दिला, त्यांनी आधी गॅस बारीक करायला लावला, मग लाटण्यानं कसं घोटायचं ते सांगितलं आणि वर दोन शब्द ऐकवलेच, की पाणी खळाखळा उकळल्याशिवाय चीक सोडायचा नाही आणि सोडताना धार बारीक हवी, एकीकडे हात फिरता हवा. वाचला तिचा चीक. नंतर निवांत बोलताना ती म्हणाली, "मी आधी अर्धा तास यूट्यूबवर शोधलं गं, कुठं सापडेना म्हणून तुला फोन केला."

आणि मला कसंतरीच झालं. कारण अगदी ह्याच गोष्टीवर, म्हणजे चिकात गुठळी का होते आणि झाली तर काय करायचं, ह्यावर माझा पन्नास सेकंदाचा शॉर्ट, म्हणजे यूट्यूबवरचा छोटा उभा व्हिडिओ, दोन वर्षांपासून चॅनेलवर पडलाय, आईंच्या आवाजात, आईंच्या हातांसकट. ही मैत्रीण माझ्या चॅनेलची सबस्क्रायबर सुद्धा आहे! तिनं शोधलं होतं "कुरडई चीक गुठळ्या". आणि मी त्या व्हिडिओला नाव काय दिलं होतं? "आईच्या हातची जादू", पुढे बदामाचं म्हणजे हार्टचं चित्र, खाली व्हायरल, ट्रेंडिंग, फूडी, एक्सप्लोर असले वीस-पंचवीस हॅशटॅग. कुरडई हा शब्द नाही, चीक नाही, गुठळी तर नाहीच. व्हिडिओवर कुठलंतरी चालू असलेलं हिंदी गाणं आणि त्याखाली आईंचा आवाज दाबलेला. मग तो सापडणार कसा, तुम्हीच सांगा.

दोन दिवस हेच डोक्यात आहे म्हणून लांबलचक लिहितेय, कारण हे फक्त माझं नाही. आपल्याकडच्या किती बायका, किती शेतकरी, किती कारागीर आज उभे व्हिडिओ बनवतायत आणि त्यात जे सांगतायत ते खरंच मोलाचं आहे, पण ज्याला ते हवंय त्याच्यापर्यंत ते पोचत नाही. आणि पोचायचा मार्ग म्हणून आपल्याला जे शिकवलं जातं ते बहुतेक चुकीचं आहे असं माझं आता स्पष्ट मत झालंय. मी स्वतः पैसे भरून एक ऑनलाइन कोर्स केला होता, त्यात हॅशटॅगची एक यादी दिली, सगळ्यांना तीच, मग तुम्ही मेंदी काढा नाहीतर ट्रॅक्टर दुरुस्त करा. ती यादी मी दीड वर्ष प्रत्येक व्हिडिओखाली चिकटवत होते.

आता जरा मागं जाऊ. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं तेव्हा गावागावातल्या पोरापोरींची खाती एका रात्रीत गेली. त्याच जुलैत इन्स्टाग्रामनं आपल्याकडे रील्स आणलं आणि सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्सची पहिली चाचणी सुद्धा भारतातच सुरू केली. म्हणजे शॉर्ट्स हा प्रकार जगात आधी आपल्या लोकांच्या हातात आला, आपण काही मागून आलेलो नाही. तरीपण आपल्या मनात पक्कं बसलंय की शॉर्ट म्हणजे नशीब, फीडमध्ये चढला तर चढला. फीडमध्ये तसं होतंही, तिथं माणूस शोधत नाही, त्याच्यासमोर येत जातं आणि तो अंगठ्यानं सरकवत जातो. पण लोक शोधतात सुद्धा! आणि शोधणारा माणूस वेगळा असतो, त्याला काहीतरी अडलेलं असतं, त्याच्या गॅसवर पातेलं असतं. फीडमधला माणूस एक सेकंद थांबतो नि जातो, शोधून आलेली बाई व्हिडिओ तीनदा बघते, जावेला पाठवते आणि पुढच्या वर्षी परत येते. मला ही बाई जास्त महत्त्वाची वाटते, मला तिच्यासाठीच व्हिडिओ करायचेत.

यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेल चालवणाऱ्यांसाठी यूट्यूबचं जे वेगळं पान असतं तिथं बघा, प्रत्येक शॉर्टचे प्रेक्षक कुठून आले ते दिसतं, शॉर्ट्स फीडमधून किती आणि सर्चमधून किती. सर्चमधून आले असतील तर कोणते शब्द टाकून आले तेही दिसतं. मी हे पान दोन वर्षांत एकदाही उघडलं नव्हतं, व्ह्यूजचा आकडा तेवढा बघायचे. आणि तो आकडाही नीट समजून घ्या, ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला किंवा संपून परत पहिल्यापासून लागला तरी व्ह्यू धरतात, त्यामुळे आकडा फुगलेला दिसतो. खरोखर थांबून बघणाऱ्यांचा आकडा स्टुडिओत वेगळा असतो, आणि किती जणांनी बघितलं नि किती जणांनी न बघताच सरकवलं तेही असतं. तो बघायला धीर लागतो, पण बघा.

मग शोधणारे शब्द. इथंच सगळी गंमत आहे आणि इथंच आपण मराठी माणसं मार खातो. एकच पदार्थ, पण कोणी कुरडई लिहितं, कोणी कुरडया, आणि निम्म्याहून जास्त ओळखीतले लोक तर इंग्रजी अक्षरात लिहितात कारण फोनवर मराठी कीबोर्ड नसतो किंवा सवय नसते. परदेशातली आपली मंडळी, तिथं वाढलेल्या मुली तर तसंच लिहिणार. माझी चुलत नणंद जर्मनीत असते, तिला शब्द माहिताय, लिहिता येत नाही, ती इंग्रजीतच टाकते. म्हणून मी आता नावात देवनागरी शब्द आधी ठेवते आणि तोच शब्द इंग्रजी अक्षरात शेवटी एकदा. नावाला १०० अक्षरं मिळतात पण फीडमध्ये सुरुवातीचेच थोडे शब्द दिसतात, म्हणून जे अडलंय ते आधी. "चिकात गुठळ्या झाल्या? कुरडईचा चीक असा शिजवा". बस. ह्यात जादू नाही आणि बदाम पण नाही.

बाकी बारकं बारकं डिस्क्रिप्शनमध्ये, म्हणजे व्हिडिओखाली माहिती लिहायची जागा असते तिथं. तिथं मी आता तीन-चार साधी वाक्यं लिहिते, जसं आपण फोनवर सांगू तशी. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळून ठेवायचं, सकाळी वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं, मग जेवढा चीक तेवढंच पाणी. ह्यात कुरडई, चीक, सोऱ्या, वाळवण हे शब्द आपोआप येतात, घुसडावे लागत नाहीत. हॅशटॅग दोन-तीन, तेपण मराठी. साठाच्या वर हॅशटॅग टाकले तर यूट्यूब ते सगळेच्या सगळे बाजूला ठेवतं, हा त्यांचाच नियम आहे. आणि तो जो वेगळा टॅगचा रकाना असतो, त्याचा उपयोग फार थोडा होतो असं यूट्यूब स्वतः सांगतं, मुख्यतः लोक स्पेलिंग चुकतात तिथं. म्हणजे आपल्यासाठी तो रकाना कुरडई-कुरडया-कुरडयी असल्या भावंडांसाठीच बरा.

आता प्रत्यक्ष व्हिडिओ. उभी फ्रेम, नऊ बाय सोळा, हे सगळ्यांना माहिताय, पण त्या फ्रेमच्या खालच्या भागावर चॅनेलचं नाव, व्हिडिओचं नाव आणि उजवीकडे लाइक-शेअरची बटणं बसतात हे शूट करताना कोणाच्या लक्षात राहत नाही. माझ्या कितीतरी व्हिडिओत सोऱ्यातून कुरडई पडते ती नेमकी खाली, जिथं त्यावर अक्षरं येतात! म्हणजे जे दाखवायचं तेच झाकलेलं. आता मी फोन थोडा खाली धरते, म्हणजे हात आणि सोऱ्या फ्रेमच्या मध्यावर किंवा जरा वर येतात. अक्षरंही मध्ये, मोठी, जाड. काही ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात, "ऱ्या" तर फार वेळा, ते व्हिडिओ टाकायच्या आधी डोळ्यानं बघून घ्यायचं. इन्स्टाग्रामवर जानेवारी २०२५ पासून प्रोफाइलवरच्या चित्रांची चौकट चौरसाची उभी झाली, त्यामुळे जुन्या कव्हरवरची, म्हणजे व्हिडिओ उघडायच्या आधी दिसणाऱ्या चित्रावरची नावं कडेला कापली गेलीत, माझी तर निम्मी गेली, एकेक करून बदलतेय.

आणि पहिलं सेकंद. इथं माझं आणि आईंचं थोडं वाजलं. आईंना आधी "नमस्कार, कसे आहात सगळे" म्हणायचं असतं, त्यांच्या मते दारात आलेल्याला आधी या-बसा म्हणतात, मग बाकीचं. आणि मला ते मनापासून पटतं. पण फीडमधला माणूस दारात आलेला नसतो, तो रस्त्यानं चाललेला असतो, त्याला आधी गुठळ्या झालेलं पातेलं दिसलं तर तो थांबेल. मग आम्ही असं ठरवलं, आधी पातेलं आणि आईंचं एक वाक्य, "हे बघा, ह्या गुठळ्या", नमस्कार शेवटी. आई म्हणाल्या, "जाताना नमस्कार करतातच की." झालं, मिटलं.

गाणं मात्र मी पूर्ण काढलं. माझ्या मते आपल्या मराठी व्हिडिओंचं सगळ्यात जास्त नुकसान ह्या उधारीच्या गाण्यांनी केलंय. त्या तालावर कापाकापी करताना माणसाचं बोलणं जातं, आणि ज्ञान तर बोलण्यात असतं ना! "चीक शिजला की चमकतो, ताटलीवर थेंब टाकला तर चिकटत नाही" हे वाक्य कुठल्या पुस्तकात मिळणार आहे? हे आईंना त्यांच्या आईनं सांगितलं. ते वाक्य ऐकू आलं पाहिजे, आणि खाली लिहिलेलं दिसलं पण पाहिजे, कारण कितीतरी जणी घरात कोणी झोपलेलं असताना आवाज बंद करून बघतात, कितीजणांना ऐकू कमी येतं. १५ ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट तीन मिनिटांपर्यंत चालतो, त्यामुळे घाईत अर्धं वाक्य तोडायची गरजही राहिली नाही. म्हणून तीन मिनिटं ओढायचा असं नाही, चाळीस सेकंदात सांगून होत असेल तर चाळीसच.

अजून एक, ज्यांचे मोठे आडवे व्हिडिओ पण आहेत त्यांच्यासाठी. शॉर्टच्या डिस्क्रिप्शनमधली लिंक ऑगस्ट २०२३ अखेरपासून दाबता येत नाही, लोक अजून तिथं लिंक टाकून बसतात. त्याऐवजी स्टुडिओत संबंधित व्हिडिओ जोडायची सोय आहे, ती वापरा, गुठळीच्या शॉर्टवरून माणूस सरळ पूर्ण कुरडईच्या व्हिडिओवर जातो. आणि एका ॲपवरून उतरवलेला व्हिडिओ त्या ॲपचा शिक्का दिसत असताना दुसरीकडे टाकू नका. दुसऱ्याचा लोगो असलेल्या रील्स कमी पुढे ढकलतो हे इन्स्टाग्रामनं २०२१ लाच सांगितलंय. मूळ व्हिडिओ फोनमध्ये जपून ठेवा, तोच सगळीकडे टाका, प्रत्येक ठिकाणी नाव वेगळं लिहा.

इन्स्टाग्रामचं आणखी एक, जुलै २०२५ पासून पब्लिक असलेल्या प्रोफेशनल खात्यांच्या पोस्ट नि रील्स गुगलच्या शोधात येऊ शकतात. म्हणजे तुमचं कॅप्शन आता गुगल पण वाचणार. तिथं नुसतं "मूड" लिहून काय उपयोग, त्यापेक्षा "ज्वारीच्या बिबड्या, खानदेशी पद्धत" लिहा ना. आणि रील अनोळखी लोकांपर्यंत जायला लोकांनी ती एकमेकांना पाठवणं लाइकपेक्षा जास्त कामाचं, हे इन्स्टाग्रामच्या प्रमुखांनी, ॲडम मोसेरींनी, २०२५ च्या सुरुवातीला सांगितलंय. मग विचार करा, बाई कोणता व्हिडिओ दुसरीला पाठवते? जो दुसरीच्या अडचणीचा असतो तो. परत फिरून तिथंच आलो, अडचणीचं नाव घेऊन सांगा.

मला ह्यात इतकं वाईट वाटतं त्याचं कारण कुरडई नाही खरं तर. कुरडई सापडेल, उद्या दुसरं कोणी नीट नाव देऊन टाकेल. पण गव्हले, मालत्या, नखुले, बोटवे? लग्नात रुखवतात मांडायला पिठाचे हातावर वळलेले हे प्रकार, आईंना सगळे येतात, मला दोनच येतात आणि माझ्या मुलीला नावं सुद्धा माहीत नव्हती मागच्या महिन्यापर्यंत. मी आईंचा मालत्यांचा व्हिडिओ टाकलाय, नाव काय दिलंय बघितलं तर "ओल्ड इज गोल्ड". म्हणजे ज्या मुलीला उद्या आजीचा शब्द आठवेल आणि ती "मालत्या" टाकून शोधेल तिला तो दिसणारच नाही, मी स्वतः आईंच्या हाताचं काम असं पुरून ठेवलं. २०११ च्या जनगणनेत मराठी बोलणारे ८ कोटी ३० लाख होते. इतकी माणसं, आणि २०२४ ला अभिजात दर्जाचा आनंदही आपण केला, मग आपल्या पदार्थाला, अवजाराला, पिकावरच्या रोगाला त्याच्या मराठी नावानं हाक मारायला का कचरायचं? हरभऱ्यावरची घाटेअळी दाखवणाऱ्या दादानं घाटेअळीच लिहावं, शेतकरी तेच शोधणार आहे.

तर मी आता जुने सगळे शॉर्ट उघडून नावं बदलायला घेतलीत. फाइल तीच राहते, नाव आणि डिस्क्रिप्शन कधीही बदलता येतं, त्यासाठी व्हिडिओ काढून परत टाकू नका, त्यानं आधीच्या कमेंट नि बघणारे सगळे जातात. रोज रात्री पाच-सहा होतात. आई शेजारी बसतात, मी व्हिडिओ लावते, त्या सांगतात ह्याला काय म्हणायचं, आणि कधीकधी म्हणतात की आमच्या माहेरी ह्याला वेगळंच म्हणायचे, मग मी ते पण डिस्क्रिप्शनमध्ये लिहिते. होळी झाली की वाळवणाची ऊन्हं सुरू, त्याच्या आत वाळवणाचे सगळे संपवायचेत, कारण बायका तेव्हाच शोधतात.

ह्यात तुमची मदत हवीये. गव्हले, मालत्या, नखुले, बोटवे, खारोड्या, सांडगे, बिबड्या ह्यांना तुमच्या गावाकडं काय म्हणतात ते खाली लिहा, सोबत तालुका लिहा. आजीला, आत्याला फोन करून विचारलंत तरी चालेल. आणि ज्यांच्याकडं मालत्या अजून वळतात त्यांनी प्लीज सांगा, आई म्हणतायत पीठ किती घट्ट मळायचं ह्यावर त्यांना बोलायचंय.