टर्बो उन्हानं मरत नाही, तेलावाचून मरतो

उन्हाळा लागला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. कधी चाळीसगावहून, कधी शहाद्याहून, मजकूर मात्र तोच: "एक लिटरच्या इंजिनाला टर्बो लावून १२० घोड्यांचं काम करून घेतात. खान्देशच्या ४५ डिग्रीत असं इंजिन ५० हजार किलोमीटरला बसतं. मायलेज फक्त कागदावर. बंद करायच्या आधी गाडी पाच मिनिटं उभी ठेवावी लागते. कंपन्या लोखंड वाचवतात, आपण फसतो." या वेळी तो आबांनी टाकला आणि खाली विचारलं, "खरं का रे?" टर्बो पेट्रोल गाडी घरात माझ्याकडेच आहे, त्यामुळे उत्तर मलाच देणं आलं.

आधी टर्बो करतो काय, ते बघू. चुलीत फुंकणीनं हवा मारली की जाळ उठतो, तसंच हे. फरक इतकाच की इथे फुंकर मारायला चुलीचाच धूर कामाला लावलाय. पेट्रोलमधली साधारण एक तृतीयांश ऊर्जा सायलेन्सरवाटे गरम धुरातून वाया जाते. त्या धुरावर एक छोटं चक्र फिरतं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस इंजिनिअरनं याचं पेटंट १९०५ साली घेतलंय. नवं खूळ म्हणावं असं त्यात काही नाही.

आता "५० हजारला बसतं" हे. २००७ साली स्विफ्ट डिझेल आली, १२४८ सीसी, ७५ घोडे. तिला टर्बो होता. पुढे त्याच इंजिनाच्या डिझायर डिझेल टॅक्सी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या स्टँडवर वर्षानुवर्षं धावल्या, मे महिन्यातसुद्धा. मीटर दोन लाखांच्या पुढे गेलेल्या कितीतरी तुम्ही-आम्ही बसून पाहिल्यात. उन्हानं टर्बो जात असता तर त्या स्टँडवरच भंगारात निघाल्या असत्या. पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा जास्त तापतो हे खरं, जोर लावला की ९०० अंशांपर्यंत जातो. पण म्हणूनच त्याच्या टर्बोचं लोखंड वेगळ्या जातीचं असतं आणि बेअरिंगभोवती बहुतेक गाड्यांत कूलंटही फिरतं. ज्याला ९०० सोसायचे, त्याला बाहेर ३० आहेत की ४५, यानं काय फरक पडतो?

उन्हाचा परिणाम होतो तो हवेवर. २५ अंशांची हवा ४५ वर गेली की सहा टक्क्यांच्या आसपास विरळ होते. साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाला तेवढी ताकद मुकाट सोडावी लागते. टर्बोवाल्याला थोडं जास्त दाबून ती काही अंशी भरून काढता येते. दाबताना हवा शंभर अंशांच्या वर तापते, ती थंड करायला पुढच्या बाजूला इंटरकूलर असतो. त्याच्या जाळीत आपल्याकडचा फुफाटा आणि किडे बसले की तो नावापुरता उरतो. सर्व्हिसिंगला तो धुऊन घ्या, जोराचा फवारा न मारता. एअर फिल्टर फाटका ठेवू नका. मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेणाऱ्या पात्यांवर धूळ गेली तर ती पाती खाऊन टाकते.

पण टर्बो मरतात त्याचं मोठं कारण वेगळंच आहे. ओळखीच्या गॅरेजमध्ये एक उघडलेला टर्बो पाहिला. त्याला इंजिनातलं तेल आणणारी नळी कापून दाखवली. पेन्सिलएवढी नळी, आत डांबरासारखी काळी खरड, मधे सुई जाईल एवढंच भोक. गाडीनं २२ हजार किलोमीटर तेल बदललेलंच नव्हतं. तो दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, तेल पोचलं नाही की संपला. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "तेल येळवर बदलतस नही, आनि टर्बोले गाया देतस." (वेळेवर तेल बदलत नाहीत आणि टर्बोला शिव्या देतात.) कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं सिंथेटिक तेल, १० हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल ते. मेसेजमध्ये नेमकं हेच नाही.

"एक लिटरला राबवतात" यात तथ्य आहे, पण अर्धं. सिलिंडरमधला दाब जास्त असतोच. त्यासाठी पिस्टनवर खालून तेलाचे फवारे मारतात, कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबायचं ते, थोडा कमी ठेवतात. उलट फेरे कमी लागतात. ह्युंदाईचं १.० टर्बो मिनिटाला १५०० फेऱ्यांपासून १७२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देतं, त्यांचंच साधं १.२ इंजिन ४००० फेऱ्यांना ११४. चाळीसगावहून कन्नडचा घाट पाच माणसं, सामान आणि एसी घेऊन चढून बघा. जुन्या १.२ मध्ये मी दुसऱ्या गिअरात इंजिन किंचाळवत, एसी बंद करून चढायचो, मागून काकूंचा पदरानं वारा घेणं चालू. आता तिसऱ्यात २००० फेऱ्यांवर गप्पा मारत चढतो. मग राबवलं कुणाला?

मायलेजच्या मुद्द्यावर आबा, मी निम्मा तुमच्या बाजूनं. पारोळा-एरंडोलच्या सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाला छोट्या गाडीला दहा-बारा घोडेच लागतात. मोठ्या पेट्रोल इंजिनाला तेवढ्यासाठी नाक दाबून श्वास घ्यावा लागतो, थ्रॉटल म्हणजे हवेची झडप जवळजवळ मिटलेली, आणि त्या ओढाताणीत पेट्रोल जातं. छोटं इंजिन मोकळा श्वास घेतं, घासणारे भागही कमी. पण पाय दाबून १२० नं सुटलात, की ते मोठ्या इंजिनासारखंच पितं. वर धूर फार तापू नये म्हणून जास्तीचं पेट्रोल सोडावं लागतं, ते वेगळंच. मारुतीच्या फ्रॉन्क्सचे कंपनीचे आकडे बघा: साधं १.२ मॅन्युअल लिटरला २१.७९ किलोमीटर, टर्बो १.० मॅन्युअल २१.५. म्हणजे ९० घोड्यांऐवजी १००, टॉर्क ११३ वरून १४८, आणि मायलेज जवळपास तेच. टर्बो घेतल्यावर पेट्रोल वाचेल असं शोरूमवाला सांगत असेल तर त्याच्याकडेही थोडं संशयानं बघा.

पाच मिनिटांचं म्हणाल तर ते जुन्या काळचं. घाट चढून लगेच थांबलात तर अर्धा-एक मिनिट राहू द्या. बाजारातून घरी आलात तर किल्ली फिरवा आणि जेवायला बसा. हल्लीच्या कितीतरी टर्बो गाड्या सिग्नलला इंजिन स्वतःच बंद करतात, त्या कुठे पाच मिनिटं थांबतात?

आणि लोखंड? त्यापेक्षा कराचा हिशेब मोठा. पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत आणि गाडी चार मीटरच्या आत असली तर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४०. छोट्या इंजिनातून मोठी ताकद काढायला यापेक्षा सबळ कारण कुठल्या कंपनीला हवं?

टर्बो बिघडला तर खर्च मोठा, हे मात्र कबूल. रोज घर ते दुकान तीन किलोमीटरच जायचं असेल तर साधं इंजिनच घ्या, मी आग्रह धरणार नाही.

हे सगळं ग्रुपवर टाकलं आणि शेवटी आबांना विचारलं, "तुमच्या बोलेरोचं बॉनेट उघडून बघा, शंखासारखं काही दिसतंय का? सात वर्षं टर्बोच चालवताय तुम्ही." अर्ध्या तासानं फोटो आला, टॉर्चच्या उजेडात काढलेला. खाली लिहिलं होतं, "हे का? मला वाटायचं हॉर्न आहे."