शिळ्या पोळीबद्दल, थोडं सविस्तर

'एक जुना वाचक' यांस,

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. दुसऱ्यांदा चहा घेऊन वाचली, कारण पहिल्यांदा डोकं जरा फिरलं होतं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की कल्पनारम्य कादंबरीमालिकांच्या जोडपुस्तकांना, म्हणजे त्याच जगाच्या दंतकथा, इतिहास सांगणाऱ्या पुरवण्यांना, मूळ कथेइतकाच मान द्यावा. त्यावर आपलं म्हणणं असं: 'लेखकाकडचं संपलं की पुरवण्या निघतात. ही पुस्तकं म्हणजे शिळ्या पोळीला दिलेली फोडणी. सिल्मरिलियन तर मुलानं बापाचं कपाट उपसून विकलं. असली बाजू घेणारे लोक सिनेमे बघून नुकतेच वाचायला लागलेले असतात.' (सिल्मरिलियन म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनच्या काल्पनिक जगाच्या पुराणकथा; त्याच्यामागे मुलानं छापल्या.) शिवाय हॅरी पॉटरवाल्या रोलिंगबाई आणि 'गेम ऑफ थ्रोन्स'वाले मार्टिन यांच्याबद्दल काही, आणि माझी एक सनावळीची चूक.

चूक मान्य. टॉल्किनचं 'अनफिनिश्ड टेल्स' १९८० सालचं, मी १९८२ लिहिलं होतं. दुरुस्त केलं आहे. आभारी आहे.

आता पोळी. पुण्यात राहून फोडणीच्या पोळीला नावं ठेवणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटतोय, पण ते असो. शिळं म्हणजे जेवण झाल्यावर उरलेलं, बरोबर? मग जरा क्रम बघू. पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईतून टॉल्किन आजारी होऊन परतला आणि १९१६-१७च्या सुमारास त्यानं सिल्मरिलियनमधल्या गोंडोलिन शहराच्या पाडावाची कथा लिहिली. 'द हॉबिट' आलं १९३७ साली, म्हणजे वीस वर्षांनी. आणि त्या 'हॉबिट'मध्येच एल्रॉन्ड नावाचं पात्र तलवारी हातात घेऊन म्हणतो की या गोंडोलिनच्या आहेत. पुस्तक खपल्यावर प्रकाशकानं पुढचं काही मागितलं, तेव्हा टॉल्किननं सिल्मरिलियनचेच कागद पुढे केले होते. ते परत आले. लोकांना आणखी हॉबिट, म्हणजे त्या कथेतले बुटके लोक, हवे होते. मग त्याच वर्षी डिसेंबरात त्यानं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहायला घेतलं. तेव्हा साहेब, कपाटात होती ती कणीक. तुम्ही गरम गरम म्हणून खाल्लीत ती पोळी त्यातलाच एक गोळा तोडून लाटलेली.

बरं, ज्या 'मूळ' पुस्तकाची तुम्ही शपथ घेता, ते तरी जागेवर राहिलं का? 'हॉबिट'च्या १९३७च्या आवृत्तीत गुहेतला गॉलम हा प्राणी कथानायक बिल्बोशी कोड्यांच्या खेळात हरल्यावर अंगठी बक्षीस म्हणून द्यायला तयार असतो. अंगठी सापडत नाही म्हणून बिचारा माफी मागतो आणि बाहेरची वाट दाखवतो. १९५१च्या आवृत्तीत लेखकानं ते प्रकरण बदललं, आणि पुढच्या कादंबरीत सांगून टाकलं की आधीची हकीकत म्हणजे बिल्बोनं मारलेली लोणकढी थाप होती. आता यातलं मूळ कोणतं आणि पुरवणी कोणती, ते आपणच ठरवा. आपण जुने आहात.

लॉ कॉलेज रस्त्यावर भांडारकर संस्था आहे. तिथल्या विद्वानांनी १९१९ ते १९६६ खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि मग हरिवंशही हाती घेतला. हरिवंशाला महाभारताचं 'खिल' म्हणतात. खिल म्हणजे पुरवणीच की! गोकुळातल्या कृष्णाची सविस्तर गोष्ट महाभारतात नाही, ती या खिलात आहे. यंदा गोकुळाष्टमीला दहीहंडीखाली उभं राहून 'हे मुळात नाही' असं ओरडून बघा. वरून पाणी पडेल ते सोसायची तयारी ठेवा.

पैशाचं म्हणाल, तर रोलिंगबाईंच्या जादुई प्राणी आणि क्विडिच या जादूगारांच्या खेळावरच्या दोन छोट्या पुस्तकांची कमाई २००१ साली कॉमिक रिलीफ या मदतसंस्थेकडे गेली आणि त्यांच्याच 'बीडलच्या गोष्टीं'ची मुलांसाठीच्या कामाला. पुढे.

'सिनेमे बघून नुकतेच वाचायला लागलेले.' 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे ते सिनेमे यायला लागले २००१ साली. मी अप्पा बळवंत चौकातून, मुखपृष्ठ नसलेली, पाठीवर दोरा दिसणारी सिल्मरिलियनची प्रत घेतली ती १९९६ साली, आणि पीएमटीच्या दांड्याला लोंबकळत कोथरूड ते स्वारगेट वाचली. निम्मं कळलं नाही. पण वाचली. आपण नेमके कोणत्या साली जुने झालात, तेही एकदा कळवावं.

आणि आता ते कपाट. खरं तर याच एका वाक्यासाठी लिहायला बसलोय.

माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या किल्ल्यांच्या भटकंतीच्या सात वह्या निघाल्या. राजगडाची एकच वारी तीन वह्यांत तीन तऱ्हांनी लिहिलेली. एकीत धो-धो पाऊस, दुसरीत लख्ख ऊन, तिसरीत बाबा गुंजवणे दरवाज्याच्या वाटेवर घसरून पडतात. धाकटा भाऊ म्हणाला, तिन्ही छापू. मी उन्हाची ठेवली. पदरचे पैसे घालून शंभर प्रती काढल्या आणि नात्यात वाटल्या. महिन्याभरानं बाबांच्या एका मित्राचा फोन आला, 'अरे, पडला होता तो! मीच उचलला त्याला.'

वडील १९७३ साली गेल्यावर ख्रिस्तोफर टॉल्किननं गाय गॅव्हरिएल के या तरुणाला मदतीला घेऊन चार वर्षांत सिल्मरिलियन उभं केलं. मग १९८३ ते १९९६ या काळात बारा खंड काढून त्यानं स्वतःच्याच जोडकामाचे टाके उसवून दाखवले. सिल्मरिलियनमधल्या डोरियाथ राज्याच्या विनाशाच्या प्रकरणात आपण संपादकाची मर्यादा ओलांडली, हे त्यानं छापून कबूल केलं. विकायला बसलेला माणूस असं करतो होय? मला तर राजगडाबद्दल एक चिठी छापून त्या शंभर जणांना पाठवणंही अजून जमलेलं नाही. तेव्हा कपाटाबद्दल बोलताना जरा जपून बोला.

राहता राहिलं रोलिंगबाईंचं. पुस्तकं संपल्यावरही लेखक मुलाखतींतून भर घालतच राहिला, तर वाचकानं नेमकं कुठे थांबायचं, असं आपण विचारलंत. हा प्रश्न हल्ली सगळेच विचारतात. मार्टिननं मूळ मालिका २०११च्या पुस्तकावर लटकत ठेवून २०१४ आणि २०१८ साली वंशेतिहास काढले, हेही खरं, पण तो वेगळा विषय आहे.

आपला,
(तुमच्या मते नवा) वाचक

ता. क. हे उत्तर टाकण्याआधी भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, शेवटून दुसरा मुद्दाच त्यांचा खरा होता, तो तू सोडलास. त्याच्याशीही सध्या बोलत नाही.